कासवाचा जंतू बेंबीपाशी

दुर्बिणीतून पित्ताशय काढून महिना होत आलेला असतो. टाके निघालेले, घरातली कामं सुरू झालेली. आणि बेंबीजवळच्या भोकाशी एक गाठ हाताला लागते. ती दुखते, फुटते, पातळ पू येऊ लागतो. ड्रेसिंग होतं, नेहमीची अँटिबायोटिक्स होतात. जखम भरते आणि पुन्हा वाहू लागते. साध्या जंतूंचा पू सहसा पहिल्या आठ-दहा दिवसांतच दिसतो. इतक्या उशिराने त्रास देणारा जंतू बहुधा क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदांपैकी असतो.

त्यातला एक, मायकोबॅक्टेरियम किलोनी, पहिल्यांदा सापडला १९०३ साली, बर्लिनच्या मत्स्यालयातल्या समुद्री कासवांच्या फुप्फुसांत. तो शोधणारे फ्रीडरिश फ्रीडमान यांना वाटलं, हा क्षयाचाच सौम्य अवतार आहे. त्यांनी त्यापासून माणसांसाठी क्षयाची लस केली आणि १९१३मध्ये ती घेऊन अमेरिका गाठली. आशेने आलेल्या रुग्णांना तिचा काही उपयोग झाला नाही. जंतू मात्र कासवापुरता नव्हताच. माती आणि नळाचं पाणी हे त्याचं नेहमीचं घर.

तिथून तो पोटावरच्या जखमेत कसा पोहोचतो, हे कळायला दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेकडे पाहावं लागतं. १९८५मध्ये जर्मनीतल्या बोब्लिंगेन इथे एरिक म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. १९९०मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहेमतन उदवाडिया यांनी तेच केलं. चार-पाच लहान भोकं, दोन दिवसांत घरी. कष्टकऱ्यांसाठी हे मोठंच वरदान होतं आणि आजही आहे. पण या लांब, नाजूक उपकरणांच्या सांध्यांत आणि विजेपासून बचावाच्या वेष्टनाखाली रक्त अडकतं. त्या काळातली पुष्कळ उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्ह यंत्राची वाफ सोसत नसत. मग ती ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकाच्या द्रावणात वीसेक मिनिटं बुडवायची, पाण्याने धुवायची आणि पुढचा रुग्ण घ्यायचा. बीजाणूंसकट सगळं मारायला त्याच द्रावणाला दहा तास लागतात. शेवटचं पाणी साधं नळाचं असलं, तर सगळी मेहनत तिथेच वाया. एका दिवसाच्या यादीत पाच-सहा ऑपरेशनं आणि उपकरणांचा संच एकच, ही खरी अडचण. तिचं ओझं रुग्णाने वाहणं मला अन्यायाचं वाटतं.

ब्राझीलने याची फार मोठी किंमत मोजली. २००६-०७मध्ये एकट्या रिओ दि जानेरोत एक हजाराहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. तिथला जंतू किलोनीचा जवळचा नातलग होता आणि दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइडलाही दाद देत नव्हता. २००९मध्ये त्या देशाने अशी उपकरणं द्रावणात बुडवून निर्जंतुक करण्यावर बंदी घातली.

आपल्याकडे अशा जखमेचा तुकडा तपासला की क्षयासारखं चित्र दिसतं आणि क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. त्यांतल्या बहुतेकांना हा जंतू जुमानत नाही. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी औषधं कित्येक महिने घ्यावी लागतात, कधी तो भाग कापूनही काढावा लागतो. नेहमीचं कल्चर दोन-तीन दिवसांत बंद होतं, याला वाढायला आठवडाभर लागू शकतो. म्हणून नमुना पाठवतानाच चिठ्ठीवर मायकोबॅक्टेरियाचा संशय लिहून द्यायला हवा.