माळ्याची बखर

बखरकार गडावर चढले, माळ्यावर कुणी चढला नाही. म्हणून अष्टागरातल्या घरांचा इतिहास अर्धाच राहिला.

पूर्वी छपरावर नळीची कौलं असत. १८६५ साली बासेल मिशनच्या पाद्र्यांनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. माणसांचं राहू द्या, छपरांचं धर्मांतर मात्र पुढे कोकणभर झालं.

थंडाव्याचं श्रेय सगळे कौलांना देतात. निम्मं माळ्याचं आहे, साहेब! गरम हवा कौलांच्या फटींतून सटके. उरलेली झळ फळ्यांवरचा पेंढा आणि नारळाची सोडणं अडवीत. त्यांत कोंडलेली हवा उष्णतेला सहजी वाट देत नाही. आजी त्याला अडगळ म्हणे. इंजिनियर इन्सुलेशन म्हणतो आणि चौरस फुटावर पैसे लावतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळात कौलं उडाली. पाऊस दारात उभा. पुष्कळांनी पत्रे घातले. त्यांना नावं कशी ठेवायची? शेजारच्या नानांनीही घातले, मोडका माळा चुलीत गेला. आता चैत्र लागला की नाना दुपारचे आमच्या ओटीवर!

परवा त्यांनी मेस्त्रींना बोलावलं, पत्र्याखाली पुन्हा माळा घालायला. मेस्त्री फळ्या मोजू लागले, तशा काकू म्हणाल्या, "फळ्या मिळतील हो, वर टाकायला पेंढा कुठून आणू? शेत तर ह्यांनी बंगलेवाल्याला विकलं!"