विद्येला घर हवे

विद्या शाळेत मिळते, असे आपण सहज म्हणून जातो. ती मिळते शाळेत, हे खरे. पण टिकते घरात. बीड जिल्ह्याच्या इतिहासाकडे पाहताना हा विचार आमच्या मनात पुनःपुन्हा येतो.

अंबाजोगाई हे मराठी वाङ्मयाचे एक प्राचीन पीठ. शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ मध्ये, ‘विवेकसिंधु’ रचणाऱ्या मुकुंदराजांची समाधी येथे दाखविली जाते. पुढे दासोपंतांनी (१५५१–१६१५) याच नगरीत अखंड लेखन केले. त्यांच्या ‘गीतार्णवा’ची ओवीसंख्या सव्वा लाख सांगतात. एवढ्यावर न थांबता त्यांनी सुमारे चाळीस फूट लांब व चार फूट रुंद पासोडीवर ‘पंचीकरण’ हा तत्त्वज्ञानाचा विषय लिहून काढला. पासोडी म्हणजे जाड्याभरड्या सुताचे, गोरगरिबांच्या अंगावरचे पांघरूण. ती शतकानुशतके टिकली ती दासोपंतांच्या वंशजांमुळे. घरातील ठेवा म्हणून त्यांनी ती जतन केली.

दासोपंतांनी देह ठेवला, त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १६१६ मध्ये, गोव्यात रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. त्या मूळ छापील ग्रंथाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांना मंगळूर येथे त्याची नवी आवृत्ती काढता आली, कारण तिकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याची हस्तलिखिते सांभाळली होती. छापखान्याने दिलेले काळाने नेले. घराने राखलेले तेवढे उरले.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तेच. घरची भाषा एक आणि दरबारची दुसरी, अशा काळात मराठी राखली ती माजघरातील पोथीने, जात्यावरच्या ओवीने आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारख्या शिक्षकांनी. स्वामीजींनी अंबाजोगाईतही अध्यापन केले. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले, हे सर्वश्रुतच आहे.

मग आज या जिल्ह्यातील असंख्य मुलांची शाळा अर्ध्यावर का सुटते? बुद्धी कमी म्हणून नव्हे. घरच जाग्यावर राहत नाही म्हणून. पावसावरची शेती पोट भरीत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी दिवाळीच्या सुमारास पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ ऊसतोडीला निघतो, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. गाव पुन्हा दिसते ते उन्हाळ्यात. फडाजवळच्या खोपीत थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, आणि तिच्या इयत्तेचे वर्ष ऊसाबरोबरच तोडले जाते. ज्या घराला भिंत नाही, तेथे पुस्तक ठेवायचे कोठे?

अशा मुलांसाठी शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना मंजूर केली. ती स्वागतार्हच आहे. परंतु वसतिगृह म्हणजे केवळ छप्पर आणि जेवण नव्हे. घरात आई विचारते, “आज काय शिकलास?” तो प्रश्न विचारणारे कोणीतरी तेथेही हवे. गावी मागे राहिलेली आजी, शेजारची काकू, शाळेचे गुरुजी यांनाही तो विचारता येईल. त्यासाठी स्वतःला अक्षरओळख असलीच पाहिजे, असे नाही.

शिक्षणाने नोकरी मिळते, म्हणून ते घ्यावे, हे आम्हांला मान्य आहे. पण विद्येचा अर्थ तेवढ्यावर संपत नाही. एकाने कष्टाने मिळवावे आणि घरादाराने ते पुढच्या हाती सोपवावे, तेव्हाच ती विद्या होते. पासोडी विणणारे हात, तिच्यावर लिहिणारा हात आणि ती सांभाळणारे हात वेगवेगळे होते. कोयता धरणाऱ्या हातांच्या लेकरांना सांभाळणारे हात कोणाचे, याचे उत्तर आपण प्रत्येकाने आपापल्या घरी द्यायचे आहे.