रणजी करंडक 1973-74 : मुंबईची सलग 15 विजेतेपदांची मालिका खंडित करणारा हंगाम

कोरमंगला (बंगळुरू) : भारतीय क्रिकेटमधील पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेचा, म्हणजेच रणजी करंडकाचा, 1973-74 हा चाळिसावा हंगाम होता. 1958-59 पासून 1972-73 पर्यंत सलग 15 वेळा करंडक जिंकणाऱ्या मुंबईचा या हंगामात उपांत्य फेरीत कर्नाटकने पाडाव केला आणि पुढे अंतिम सामन्यात राजस्थानला नमवून प्रथमच विजेतेपद मिळवले. कोरमंगलापासून काही किलोमीटर अंतरावर, कब्बन उद्यानाच्या कडेला असलेल्या आजच्या एम. चिन्नास्वामी मैदानावर हा उपांत्य सामना झाला. निकाल पहिल्या डावातील 78 धावांच्या आघाडीवर लागला. परंतु देशांतर्गत क्रिकेटचे केंद्र एकाच शहरात असण्याचा काळ त्या निकालाने संपुष्टात आणला.

स्पर्धेची पार्श्वभूमी

कुमार श्री रणजितसिंहजी यांचे 1933 मध्ये निधन झाले. त्यांच्या नावाने सुरू झालेल्या या स्पर्धेसाठी पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंह यांनी करंडक दिला. पहिला सामना 4 नोव्हेंबर 1934 रोजी चेन्नईच्या चेपॉक मैदानावर मद्रास आणि म्हैसूर यांच्यात झाला. म्हैसूरचे दोन्ही डाव अनुक्रमे 48 आणि 59 धावांत आटोपले आणि सामना एकाच दिवसात संपला. कर्नाटकच्या क्रिकेटची या स्पर्धेतील सुरुवात अशी पराभवाने झाली होती.

प्रांतांच्या संघांनी राष्ट्रीय विजेतेपदासाठी झुंजण्याची पद्धत अन्य देशांतही आहे. कॅनडात बर्फावरून जड दगड सरकवण्याच्या कर्लिंग या खेळाची पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा ‘ब्रायर’ या नावाने 1927 मध्ये टोरांटो येथे सुरू झाली. तेथे मॅनिटोबा प्रांताने 1928 ते 1932 अशी सलग पाच वर्षे विजेतेपद राखले. इंग्लंडच्या कौंटी स्पर्धेत सरे संघाने 1952 ते 1958 या काळात सलग सात वेळा, तर ऑस्ट्रेलियाच्या शेफिल्ड शील्ड स्पर्धेत न्यू साउथ वेल्सने 1953-54 पासून सलग नऊ वेळा बाजी मारली. मुंबईच्या 15 विजेतेपदांचे मोल या आकड्यांशेजारी ठेवले असता ध्यानात येते.

मुंबईचे वर्चस्व

1934-35 ते 1972-73 या 39 हंगामांपैकी 24 वेळा करंडक मुंबईकडे गेला. या यशामागे शालेय हॅरिस शील्ड, कार्यालयीन संघांची टाइम्स शील्ड आणि 1948 पासून ऐन पावसाळ्यात खेळवली जाणारी कांगा लीग अशी स्पर्धांची भक्कम उतरंड होती. ओल्या, बेभरवशाच्या खेळपट्टीवर तासून निघालेला फलंदाज सहजासहजी बाद होत नसे. प्रतिस्पर्ध्याला काहीही फुकट न देण्याच्या या वृत्तीला मैदानावरील बोलीत ‘खडूस’ हा शब्द रूढ झाला आणि मुंबईकरांनी तो अभिमानाने मिरवला.

या मालिकेतील दोन विजेतेपदे विशेष उल्लेखनीय आहेत. 1970-71 मध्ये अजित वाडेकर, सुनील गावस्कर, दिलीप सरदेसाई, एकनाथ सोलकर आणि अशोक मांकड हे भारतीय संघासोबत वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होते. त्यांच्या अनुपस्थितीत सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालील मुंबईने चंदू बोर्डे यांच्या महाराष्ट्र संघाला अंतिम सामन्यात हरवले. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली 1939-40 आणि 1940-41 मध्ये करंडक जिंकणाऱ्या महाराष्ट्राची तिसऱ्या विजेतेपदाची ती मोठी संधी होती.

1972-73 चा अंतिम सामना चेपॉकच्या फिरकीला अनुकूल खेळपट्टीवर झाला. मुंबईने 151 आणि 113 एवढ्याच धावा केल्या. तरीही तामिळनाडूचे डाव 80 आणि 61 धावांत गुंडाळले गेले. डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांनी पहिल्या डावात 16 धावांत 8, तर दुसऱ्या डावात 18 धावांत 5 बळी घेतले. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला. मुंबईला कोणत्याही खेळपट्टीवर हरवणे अशक्यप्राय आहे, अशी धारणा त्या विजयाने अधिकच दृढ झाली.

म्हैसूरचे कर्नाटक

1 नोव्हेंबर 1973 रोजी म्हैसूर राज्याचे नाव बदलून कर्नाटक असे झाले. त्यामुळे 1973-74 हा राज्याच्या संघाचा नव्या नावाने पहिलाच हंगाम ठरला. तत्पूर्वी म्हैसूर संघ 1941-42 आणि 1959-60 अशा दोन वेळा अंतिम फेरीत पोहोचला होता आणि दोन्ही वेळा मुंबईकडूनच पराभूत झाला होता.

या वेळी मात्र संघाचे स्वरूप वेगळे होते. कर्णधार एरापल्ली प्रसन्ना आणि भागवत चंद्रशेखर हे भारताच्या विख्यात फिरकी चौकडीपैकी दोघे एकाच राज्य संघात होते. फलंदाजीची भिस्त गुंडप्पा विश्वनाथ आणि ब्रिजेश पटेल यांच्यावर, तर यष्टिरक्षणाची जबाबदारी सय्यद किरमाणी यांच्यावर होती. मुंबईचे कर्णधार वाडेकर यांना या गोलंदाजांची ताकद पुरेपूर ठाऊक होती. 1971 मध्ये ओव्हल येथे चंद्रशेखर यांनी 38 धावांत 6 बळी घेतल्यामुळेच वाडेकर यांच्या भारतीय संघाने इंग्लंडमध्ये पहिला कसोटी विजय मिळवला होता.

उपांत्य सामना

रणजी करंडकाच्या बाद फेरीत सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजयी ठरतो. त्यामुळे अशा लढतीत दोन्ही संघांचे पहिले डावच बहुधा निर्णायक असतात. मुंबईने या नियमाचा वर्षानुवर्षे कौशल्याने लाभ उठवला होता. मोठी धावसंख्या उभारायची आणि प्रतिस्पर्ध्याला दडपणाखाली ठेवायचे, ही तिची रीत होती. बंगळुरूत कर्नाटकने हेच शस्त्र मुंबईवर उलटवले.

कर्नाटकने पहिल्या डावात 385 धावा केल्या. त्यात विश्वनाथ यांच्या 162 आणि पटेल यांच्या 106 धावा होत्या. म्हणजे संघाच्या दोनतृतीयांशाहून अधिक धावा या दोघांच्याच होत्या. मनगटी फटक्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या विश्वनाथ यांच्या देशांतर्गत कारकिर्दीतील अत्यंत महत्त्वाच्या खेळींमध्ये या शतकाची गणना होते.

मुंबईच्या डावात दोन प्रसंग निर्णायक ठरले. पहिला म्हणजे गावस्कर यांचा बळी. जम बसू लागलेल्या गावस्कर यांना प्रसन्ना यांनी त्रिफळाचीत केले. उंची दिलेला चेंडू, त्याचा हवेतील फसवा प्रवास आणि टप्प्यानंतर आत वळणे, हे प्रसन्ना यांच्या ऑफस्पिनचे सारे गुण त्या चेंडूत एकवटले होते. दुसरा प्रसंग वाडेकर यांच्या धावबाद होण्याचा. वाडेकर आणि अशोक मांकड मुंबईला आघाडीच्या दिशेने नेत असताना धाव घेण्याच्या प्रयत्नात वाडेकर यांचा पाय घसरला आणि ते 62 धावांवर धावबाद झाले. त्यानंतर डाव सावरला नाही. मुंबईचा संघ 307 धावांत बाद झाला आणि कर्नाटकला 78 धावांची आघाडी मिळाली. उरलेल्या खेळात मुंबईला सामना निर्णायकरीत्या जिंकता आला नाही आणि 15 हंगामांनंतर प्रथमच नव्या विजेत्याचा मार्ग मोकळा झाला.

अंतिम सामना

जयपूर येथील अंतिम सामन्यात कर्नाटकसमोर राजस्थानचे आव्हान होते. मुंबईच्या वर्चस्वाची सर्वाधिक झळ कोणाला बसली असेल तर ती राजस्थानला. 1960-61 ते 1969-70 या दहा हंगामांत हा संघ सात वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि सातही वेळा मुंबईकडून हरला. हनुमंत सिंह, सलीम दुराणी यांसारखे खेळाडू आणि काही काळ मुंबईचेच विजय मांजरेकर संघात असूनही करंडकाने हुलकावणी दिली होती. आता मुंबई वाटेत नव्हती आणि सामना घरच्या मैदानावर होता. तरीही कर्नाटकने 185 धावांनी विजय मिळवला. राजस्थानचा अंतिम फेरीतील हा आठवा पराभव ठरला. त्या संघाला पहिल्या विजेतेपदासाठी 2010-11 च्या हंगामापर्यंत वाट पाहावी लागली.

परिणाम आणि वारसा

मुंबईची सत्ता या एका पराभवाने संपली नाही. पुढच्याच हंगामात, 1974-75 मध्ये, अंतिम सामन्यात कर्नाटकलाच हरवून मुंबईने करंडक परत मिळवला आणि त्यानंतरचे दोन हंगामही जिंकले. मात्र निकाल गृहीत धरण्याचे दिवस सरले. 1977-78 मध्ये कर्नाटकने दुसऱ्यांदा करंडक जिंकला, पुढील दोन हंगामांत दिल्ली विजेती ठरली. 1982-83 मध्ये कर्नाटकने खुद्द मुंबईत अंतिम सामन्यात मुंबईला मागे टाकले आणि तेही पहिल्या डावातील आघाडीवरच. पुढे हरियाणा, पंजाब, रेल्वे, उत्तर प्रदेश, विदर्भ, सौराष्ट्र अशा संघांची नावे विजेत्यांच्या यादीत प्रथमच आली. विदर्भाने 2017-18 आणि 2018-19 असा सलग दोनदा करंडक जिंकल्याने महाराष्ट्रातील तिन्ही रणजी संघ विजेत्यांच्या यादीत आले.

खेळाडूंच्या दृष्टीनेही 1974 हे वर्ष वळणाचे ठरले. ब्रिजेश पटेल यांनी त्याच वर्षी लॉर्ड्सवर कसोटी पदार्पण केले. वाडेकर यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघ इंग्लंडमधील कसोटी मालिका 0-3 अशी हरला आणि वर्ष संपण्यापूर्वी वाडेकर यांची कारकीर्द संपुष्टात आली. नोव्हेंबर 1974 मध्ये बंगळुरूच्या याच मैदानावर वेस्ट इंडिजविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळवला गेला. त्यात गॉर्डन ग्रिनिज आणि व्हिव्हियन रिचर्ड्स यांनी कसोटी पदार्पण केले.

2023-24 च्या विजयानंतर मुंबईच्या खात्यावर 42 विजेतेपदे आहेत. सलग 15 विजेतेपदांच्या जवळपासही अन्य कोणता संघ पोहोचलेला नाही. त्या मालिकेचा शेवट ज्या मैदानावर झाला, तेथेच जून 2022 मध्ये मध्य प्रदेशने अंतिम सामन्यात मुंबईला सहा गडी राखून हरवले आणि पहिल्यांदा रणजी करंडक उंचावला. त्या विजयी संघाचे प्रशिक्षक होते मुंबईचेच माजी यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित. मुंबईच्या मैदानांवर घडलेली खेळाची शिस्त आता देशभर पसरल्याचे ते निदर्शक होते.