गर्दी कोण उभी करते? महिला फुटबॉल, बंद फाटके आणि आळेफाट्यावरून निघणारे दोन रस्ते

धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

आळेफाट्याच्या चौकातून एक रस्ता नारायणगाव, मंचर करीत पुण्याकडे जातो. दुसरा ओतूरवरून माळशेज घाट उतरून कल्याणकडे. २०२२ च्या जानेवारीत या दोन्ही रस्त्यांच्या टोकांशी आशिया खंडातील सर्वोत्तम महिला फुटबॉल संघ खेळत होते. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात जपान आणि दक्षिण कोरिया, अंधेरीत ऑस्ट्रेलिया, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये यजमान भारत. स्पर्धेचे नाव एएफसी महिला आशिया चषक. २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी असे अठरा दिवस ती महाराष्ट्रात चालली.

आपल्यापैकी कितीजणांना हे आठवते? दोष केवळ आपला नव्हे. कोरोनाची तिसरी लाट होती आणि सामने प्रेक्षकांविना झाले. भारताने पहिल्या सामन्यात इराणशी ०-० अशी बरोबरी केली. पुढे संघातील इतक्या खेळाडू बाधित निघाल्या की २३ जानेवारीला चिनी तैपेईविरुद्ध संघच उतरवता आला नाही. यजमान स्पर्धेतून बाहेर. रिकाम्या मैदानात आलेली स्पर्धा रिकाम्या मैदानातून निघून गेली.

‘मुलींच्या फुटबॉलला प्रेक्षक कुठे असतात?’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलेले असते की ते निसर्गनियमासारखे वाटू लागते. इतिहास वेगळे सांगतो. प्रेक्षक होते, हजारोंनी होते. ते कसे जमले आणि कसे पांगवले गेले, याची कथा कागदोपत्री नोंदलेली आहे.

इंग्लंडच्या लँकाशायर परगण्यात प्रेस्टन नावाचे गाव आहे. तेथील ‘डिक, कर अँड कंपनी’ हा कारखाना पहिल्या महायुद्धात तोफगोळे बनवू लागला. पुरुष आघाडीवर गेलेले, त्यामुळे यंत्रांवर मुली. जेवणाच्या सुट्टीत त्या अंगणात चेंडू लाथाडू लागल्या आणि त्यातून संघ उभा राहिला. कारखान्यातील आल्फ्रेड फ्रँकलंड या कर्मचाऱ्याने व्यवस्था हाती घेतली. १९१७ च्या नाताळात प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी सामना ठेवला गेला. दहा हजार लोक आले.

हे दहा हजार लोक फुटबॉलच्या सौंदर्यासाठी आले होते असे मला वाटत नाही. कोणी आपल्या कारखान्याच्या मुली म्हणून आले, कोणी रुग्णालयात पडलेल्या भावासाठी, कोणी निव्वळ कुतूहलाने. चेष्टा करायला आलेलेही असणार. पहिली गर्दी नेहमी अशीच संमिश्र असते. महत्त्वाची असते ती दुसरी आणि तिसरी. प्रेस्टनच्या या संघाच्या सामन्यांना लोक पुन्हा येत राहिले, कारण खेळ पाहण्यासारखा होता. १९२० मध्ये चौदा-पंधरा वर्षांची लिली पार संघात आली. तिच्या डाव्या पायाच्या फटक्याच्या कथा आजही सांगितल्या जातात.

२६ डिसेंबर १९२०. लिव्हरपूलचे गुडिसन पार्क मैदान. डिक-कर संघ विरुद्ध सेंट हेलेन्सच्या मुली. आत ५३ हजार प्रेक्षक, आणि जागा न मिळाल्याने बाहेर उभे राहिलेले आणखी हजारो. प्रेस्टनच्या मुली ४-० ने जिंकल्या. तीन हजार पौंडांहून अधिक निधी त्या एका सामन्यात जमला.

बरोबर एक वर्षही उलटले नाही. ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला: फुटबॉल स्त्रियांना अयोग्य आहे, त्याला उत्तेजन देऊ नये, शिवाय धर्मादाय निधीतील फार मोठा वाटा खर्चापोटी जातो अशी तक्रार. त्याच वर्षी महिला संघांनी टाळेबंदीत सापडलेल्या खाणकामगारांच्या कुटुंबांसाठीही सामने खेळले होते. निधी सैनिकांकडे जात होता तोवर जे कौतुकास्पद होते, ते कामगारांकडे वळताच खुपू लागले, अशी मांडणी काही इतिहासकार करतात. मला ती पूर्ण पटत नसली तरी दुर्लक्षिण्याजोगी नाही.

या ठरावाचे खरे मर्म त्याच्या कलमात आहे. स्त्रियांनी खेळू नये असा हुकूम असोसिएशन काढूच शकत नव्हती. तिने संलग्न क्लबांना बजावले, की आपली मैदाने महिलांच्या सामन्यांना देऊ नका. एवढेच. मुली खेळत राहिल्या. डिक-कर संघ तर १९६५ पर्यंत टिकला. पण आता त्यांना सार्वजनिक बागा आणि मोकळी माळराने उरली. तेथे ना बसायला जागा, ना तिकिटाची खिडकी, ना ५३ हजारांना सामावणारा काठ. खेळावर घाव न घालता गर्दीवर घातला, आणि गर्दी नाही म्हणून खेळ मोठा नाही, असे पुढची पन्नास वर्षे म्हणता आले. ही बंदी उठायला १९७० चे दशक उजाडावे लागले.

आता जुन्नर-आंबेगावच्या वाचकांसाठी एक तुलना. ती जपून करतो, कारण दोन्ही गोष्टींची जात वेगळी आहे. आपल्याकडची सर्वांत मोठी मैदानी गर्दी बैलगाडा शर्यतीची. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे कायदे ग्राह्य धरले. म्हणजे बालेवाडीत जपानच्या मुली रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळत होत्या, त्याच हिवाळ्यात आपल्या घाटांची डागडुजी सुरू होती. प्राण्यांच्या वेदनांचा प्रश्न न्यायालयापुढे होता आणि तो खोटा नव्हता; पण येथे मुद्दा गर्दीचा आहे. सात वर्षांचा खंड पडूनही ती परत आली, कारण तिला उभी करणारी माणसे शाबूत होती: यात्रा कमिटी, वर्गणी, गाडामालक, गावोगावचे घाट.

यात्रेची गर्दी आपोआप जमते असे बाहेरच्याला वाटते. चैत्राच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, तेथे गावोगावच्या कमिट्या येऊन सुपारी ठरवतात. तारीख, रक्कम, जागा, दिवाबत्ती सगळे आधी बोलले जाते. आखाड्यातील कुस्त्यांची इनामेही अशीच ठरतात. ज्या गावाने विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्यासारखी कलावती दिली आणि जिचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, त्या परिसराला स्त्रीसाठी हजारो माणसे जमण्याचे नवल नाही. फरक असा की तो प्रेक्षक बव्हंशी पुरुष होता आणि कलेच्या मोबदल्यात कलावतीला प्रतिष्ठा द्यायला तो कधी घाईत नव्हता. अलीकडे यात्रांच्या आखाड्यांत मुलींच्या कुस्त्या लागू लागल्या आहेत. हा बदल लहान नाही: मातीभोवती बसलेला तोच प्रेक्षक मुलीच्या डावाला डाव म्हणून दाद देतो.

फुटबॉलकडे परत येऊ. महाराष्ट्रात फुटबॉलच्या गर्दीचे नाव काढले की कोल्हापूर. तेथे संघ म्हणजे तालीम. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर माणूस खेळाडूचा चाहता म्हणून नंतर आणि पेठेचा म्हणून आधी बसतो. प्रेस्टनला जे कारखान्याने केले ते येथे पेठेने केले. ही ईर्षा पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्या सामन्यांभोवती पोसली गेली.

याच शहराच्या नावाचा महिला संघ, एफसी कोल्हापूर सिटी, इंडियन वुमेन्स लीगमध्ये खेळला आहे. २०१९ च्या मे महिन्यात तो खेळला लुधियानात. त्यानंतरच्या हंगामात बेंगळुरूत. देशातील सर्वांत तापट फुटबॉल प्रेक्षकांपैकी एक ज्या शहरात राहतो, त्या शहराच्या मुली पंजाबात खेळतात आणि पायऱ्यांवर आपल्या गावचे कुणीही नसते. हे कोल्हापूरकरांच्या उदासीनतेमुळे झाले नाही. स्पर्धेची रचनाच तशी होती. २०१७ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या हंगामापासून अनेक वर्षे सारे संघ एकाच शहरात बोलावून काही आठवड्यांत लीग उरकली जाई. खर्च वाचे, हे खरे. पण ज्या संघाला घरचे मैदान नाही त्याला घरचा प्रेक्षक कोठून मिळणार? पुण्याच्या वाट्याला तर एवढेही राहिले नाही. एफसी पुणे सिटीचा महिला संघ त्या पहिल्या हंगामात होता. २०१९ मध्ये क्लबच गुंडाळला गेला.

२०२३-२४ च्या हंगामापासून लीग घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर खेळवली जाऊ लागली. माझ्या मते भारतीय महिला फुटबॉलमधील हा गेल्या दशकातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, कोणत्याही एका विजयापेक्षा मोठा. खंत एवढीच की त्या हंगामातील सात संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. पुढच्या, २०२४-२५ च्या हंगामात विजेतेपद ईस्ट बंगालने मिळवले. १ ऑगस्ट १९२० रोजी स्थापन झालेला हा क्लब. गुडिसन पार्कच्या त्या सामन्यापेक्षा पाच महिन्यांनी थोरला. शंभर वर्षांचा चाहतावर्ग मुलींच्या संघाला वारशाने मिळाला: तीच लाल-पिवळी जर्सी, तीच गाणी.

‘भारतात परंपराच नव्हती’ हेही अर्धसत्य आहे. १९७५ मध्ये भारतीय महिला फुटबॉल महासंघ स्थापन झाला. १९८० च्या आरंभी कोझिकोडला आणि १९८३ मध्ये बँकॉकला भारताच्या मुली आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात खेळल्या. बंगालच्या शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, गोव्याच्या योलांडा डिसोझा यांचे नाव तेथील जुने लोक आजही काढतात. नंतर दुर्लक्ष इतके झाले की सामनेच न खेळल्याने २००९ मध्ये भारत फिफाच्या क्रमवारीतून वगळला गेला. म्हणजे येथे कुणी ठराव करून मैदाने बंद केली नाहीत. कुणी उघडलीच नाहीत. परिणाम फारसा निराळा नव्हता.

मैदान उघडले की काय होते ते पाहायला मेक्सिकोला जाता येईल. १९७१ मध्ये फिफाची मान्यता नसलेल्या महिला विश्वस्पर्धेचा अंतिम सामना अझ्टेका स्टेडियमवर झाला, डेन्मार्कने मेक्सिकोला ३-० ने हरवले आणि प्रेक्षकांची संख्या लाखाच्या पुढे सांगितली जाते. पण इतके दूर जाण्याचे कारण नाही. माळशेज उतरून नवी मुंबईलाच जाऊ.

जेथे आशिया चषक बंद फाटकांआड झाला त्याच डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये ३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवले. फिफाने भारतीय महासंघाला ऑगस्टमध्ये निलंबित केले होते, त्यामुळे ही स्पर्धा हातची जाण्याची वेळ आली होती. तरीही ती झाली, आणि या वेळी पायऱ्यांवर माणसे होती. शाळकरी मुली होत्या. भारताच्या मुलींनी भुवनेश्वरला तिन्ही सामने गमावले होते. म्हणजे नवी मुंबईतील प्रेक्षक आपला संघ पाहायला नव्हे, खेळ पाहायला आला होता.

त्याच मैदानावर सहाच आठवड्यांनी, ११ डिसेंबर २०२२ रोजी, भारत-ऑस्ट्रेलिया महिला टी-ट्वेंटी सामना झाला. प्रवेश मोफत होता. ४५ हजारांहून अधिक लोक आले. सामना बरोबरीत सुटून सुपर ओव्हरमध्ये गेला आणि भारत जिंकला. पुढच्या मार्चमध्ये वुमेन्स प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा स्त्रिया आणि मुलींना प्रवेश मोफत ठेवला गेला. २०२५ च्या विश्वचषकाची तिकिटे शंभर रुपयांपासून विक्रीला आली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा ते मैदान भरलेले होते. त्या रात्रीच्या गर्दीला ‘लाट’ म्हटले गेले. मला तो शब्द खटकतो. तीन वर्षे कुणीतरी तिकिटांचे दर ठरवत होते, वेळापत्रक आखत होते, त्याच मैदानावर पुन्हा पुन्हा सामने ठेवत होते.

क्रिकेटमागे जेवढा पैसा आहे तेवढा महिला फुटबॉलमागे नाही, ही हरकत रास्त आहे. पण प्रेस्टनच्या कारखान्याकडेही तो नव्हता, आणि आपल्या यात्रा कमिट्यांकडेही नसतो. ५ जुलै २०२५ रोजी भारतीय महिला फुटबॉल संघ चियांग माई येथे थायलंडला २-१ ने हरवून आशिया चषकाला पात्र ठरला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून जागा मिळवण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. त्या सामन्यातही पायऱ्या थायलंडच्या होत्या.

धागा येथे थांबवतो. पुढच्या धाग्यात एप्रिल १९७३ चे पुणे: महिला क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा, संघ अवघे तीन, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. आपल्या घरात त्या काळी मैदानावर खेळलेली वा सामना पाहायला गेलेली एखादी आजी, मावशी, आत्या असेल, तर तिची आठवण येथे खाली जरूर लिहावी.