न अडवता पाहायचं कसं?

पाहण्याने पाहिलेली वस्तू बदलते का, हा आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा आवडता प्रश्न. कणांच्या झोतावर काम करणाऱ्यांपुढे तो अगदी रोकडा उभा असतो. झोत कुठे दाट, कुठे विरळ, रुंदी किती, हे कळायला तर हवं. पण वाटेत जाड पडदा धरला की झोतच बिघडतो. म्हणून वाटेत ठेवला वायू.

ही युक्ती जुनी आहे. 1908 साली मँचेस्टरला रदरफर्ड आणि गायगर यांनी नळीत विरळ वायू ठेवला, मधोमध बारीक तार ताणली आणि नळी व तार यांच्यात मोठा विद्युतदाब दिला. अल्फा कण आत शिरला की वायूतून इलेक्ट्रॉन सुटायचे, तारेकडे धावता धावता आणखी इलेक्ट्रॉन सोडवायचे. दरड कोसळते ना, तसं! एका कणाचा इवलासा परिणाम हजारो पटींनी वाढायचा. पण नळी सांगणार एवढंच, की कुणीतरी येऊन गेलं. कुठून गेलं, ते नाही.

मग शेजारी शेजारी अनेक तारा लावाव्यात, हे कुणालाही सुचेल. आक्षेप असा होता, की एकीचा संकेत शेजारणींवरही उमटेल, मग खरी तार ओळखायची कशी? 1968 मध्ये जिनिव्हाच्या सर्नमध्ये जॉर्ज शारपाक आणि सहकाऱ्यांनी सरळ अशी पेटी बनवून पाहिली. तारांमध्ये अंतर जेमतेम काही मिलिमीटर. दरड कोसळते त्या तारेवर ऋण संकेत येतो. तिथून दूर सरकणारे धन आयन मात्र शेजारच्या तारांवर उलट चिन्हाचा संकेत उमटवतात. ज्याची भीती घातली जात होती, तीच ओळखीची खूण ठरली. मला तर हे 1992 च्या त्यांच्या नोबेलपेक्षाही मोलाचं वाटतं. नुसत्या तर्कावर विसंबून बसले असते, तर पेटी झालीच नसती.

आता तारेगणिक मोजणी मांडली, की झोताची आकृती समोर येते. आडव्या आणि उभ्या तारांचे दोन थर लावले, की दोन्ही दिशांनी.

फार तीव्र झोतापुढे मात्र तारांचाही टिकाव लागत नाही. तिथे झोताच्या निर्वात नळीत उरलेला अत्यल्प वायूच कामाला येतो. झोत जाताना त्याचं आयनीभवन होतं, आणि विद्युतक्षेत्र ते आयन किंवा इलेक्ट्रॉन बाजूच्या पट्ट्यांकडे ओढून नेतं. म्हणजे आता वाटेत काहीच ठेवलं नाही! पण थांबा. खुद्द झोताचा विद्युतभार त्या कणांना वाटेत ढकलतो, आणि झोत आहे त्याहून रुंद दिसतो. म्हणून इलेक्ट्रॉन गोळा करताना चुंबक लावून त्यांना सरळ वाटेवर धरून ठेवावं लागतं.