जिरायती गावातली गुलछडी

बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरच्या मल्लिकार्जुन मंदिरापुढची पुष्करणी आणि गावातली यज्ञवराहाची मूर्ती पाहिली की वाटते, इथल्या देवांना वाहिली जाणारी फुलेही तितकीच जुनी असतील. गुलछडीपुरते तरी ते खरे नाही. हे मंदिर यादवकाळाशी जोडले जाते. त्या काळी गुलछडीचा कंद मेक्सिकोबाहेर कोणी पाहिलेलाही नव्हता. स्पेनने तो मुलूख १५२१ साली जिंकला आणि शतक सरता सरता सेव्हिलच्या सिमोन दे तोवार या वैद्याच्या बागेतून ती युरोपात पोहोचली. आपल्याकडे ती युरोपीय जहाजांच्या मागाने आली. अशा परक्या फुलाने आपले हार, वेण्या आणि लग्नमंडप इतके व्यापावेत, याचे श्रेय सगळे सुगंधाला देतात. मला ते कंदाचे वाटते.

यावर पहिला आक्षेप येईल तो पाण्याचा: बारामतीची फुले ही नीरा डाव्या कालव्याची देणगी. विकाऊ फुलशेतीबद्दल हे मान्यच करायला हवे. एकरी उत्पन्न हवे तर गुलछडीला नेमाने पाणी लागते. पण लोणी भापकर तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात येते, आणि परसातल्या चार गड्ड्यांचा हिशेब वेगळा असतो. उन्हाळ्यात पाने वाळली तरी कंद जमिनीत साठवलेल्या अन्नपाण्यावर तग धरतो, न्हाणीच्या सांडपाण्यावर भागवतो आणि पाऊस पडताच फुटतो. २०२० साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी गुलछडीला घायपाताच्याच प्रजातीत घातले. बांधावरच्या त्या काटेरी झाडाची ही भावकी तिच्या चिवटपणात दिसतेच. तिला खरे भय पाणी साचण्याचे. काळ्या चिकट जमिनीत कंद सडतो, म्हणून उंचवट्याची, निचऱ्याची जागा हवी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नागदवणा, भुईचाफा हे आपले कंद होतेच की. होते, पण भुईचाफा पानांआधी थोडे दिवस फुलतो आणि संपतो. एप्रिल-मेमध्ये लावलेली गुलछडी तीनेक महिन्यांत दांडा काढते, कळ्या खालून वर एकेक करून उमलतात, आणि तोडलेले फूलही रात्रभर दरवळते. हारासाठी याहून सोयीचे काय? शिवाय एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही; त्याच्या भोवतीची पिल्ले फुलतात. तीनेक वर्षांत गड्ड्यात दाटी होऊन दांडे कमी येऊ लागतात, तेव्हा तो खणावाच लागतो. कंद सावलीत सुकवून, चांगले पोसलेले निवडून दोन-तीन इंच खोल पुन्हा लावायचे, आणि उरलेले शेजारणीला द्यायचे. रोपवाटिकेवाचून हे फूल घरोघर पसरायला एवढी एक गरज पुरेशी होती.

मग ते आपले म्हणायचे का? निःसंशय. शेवंती चीनची, गुलबक्षी अमेरिकेची. त्यांना कोणी परकी म्हणत नाही. गुलछडीच्या तर पुढच्या जातीही इथेच घडल्या: बंगळूरच्या फलोत्पादन संशोधन संस्थेने ‘शृंगार’ काढली आणि तिचा ‘मेक्सिकन सिंगल’ या जातीशी संकर करून ‘प्रज्वल’.