तीस नाणीं आणि पंचवीस मोहरा

ख्रिस्ती धर्माच्या आरंभींच एका विश्वासघाताची कथा आहे. यहूदा इस्कर्योत ह्या शिष्यानें रुप्याच्या तीस नाण्यांसाठीं आपल्या गुरूला शत्रूंच्या स्वाधीन केलें. त्याच रात्रीं पेत्र ह्या दुसऱ्या शिष्यानें, आपण त्या गुरूला ओळखतही नाहीं, असें तीन वेळां सांगितलें. एकाचा अपराध लोभानें घडला, दुसऱ्याचा भयानें. पश्चात्ताप मात्र दोघांनाही झाला. यहूदानें तीं नाणीं मंदिरांत फेकून स्वतःला गळफास लावून घेतला. पेत्र रडला, आणि पुढें क्षमा पावून त्याच समाजाचा अग्रणी झाला. परंतु एखाददुसऱ्या शिष्याऐवजीं समाजाचा मोठा भागच डळमळला, तर क्षमा कोणीं करावी व कोणत्या अटीवर, हा प्रश्न सुमारें सव्वादोनशें वर्षांनंतर उत्तर आफ्रिकेंतील कार्थेज नगरींत उभा राहिला.

इ. स. २४९ मध्यें डेसियस हा रोमचा बादशहा झाला. साम्राज्यावर चोहोंकडून संकटें कोसळत होतीं. देवांची कृपा पुन्हां संपादन करावी ह्या हेतूनें त्यानें हुकूम काढला कीं, प्रजाजनांनीं देवांना बलि अर्पण करावा, नैवेद्याची चव घ्यावी आणि तसा दाखला अधिकाऱ्यांकडून घ्यावा. पपायरसवर लिहिलेले असे कित्येक दाखले मिसर देशांत सांपडले आहेत. १८९३ मध्यें प्रसिद्ध झालेला पहिला दाखला उजव्या भुवईवर व्रण असलेल्या बहात्तर वर्षांच्या एका वृद्धाचा आहे. आपण देवांना नेहमींच बलि देत आलों, असें त्यांत त्यानें लिहून दिलें आहे.

कार्थेजमध्यें हा हुकूम पोंचतांच ख्रिस्ती लोकांची तारांबळ उडाली. कित्येक जण आपण होऊन देवळाकडे धांवले. कित्येकांनीं बलि दिला नाहीं. परंतु पैसे चारून खोटा दाखला मिळविला. कांहीं थोडे मात्र तुरुंगांत गेले, छळ सोसून मेले. तेथील बिशप सिप्रियन ह्यानें पुढें ‘पतितांविषयीं’ नांवाचा ग्रंथ लिहिला. त्यांत त्यानें ह्या पडझडीच्या मुळाशीं असलेल्या लोभावर नेमकें बोट ठेवलें. धनिकांना त्यांच्या मालमत्तेनेंच जखडून ठेवलें होतें. संपत्तीचे धनी म्हणविणारे खरोखर तिचे दास होते, असा त्याचा अभिप्राय होता. हें बोलण्याचा त्याला अधिकार होता. कारण तो स्वतः संपन्न मनुष्य असून धर्मांतराच्या वेळीं त्यानें आपलें बरेंचसें धन गरिबांना दिलें होतें. मात्र छळाच्या काळांत तो स्वतः अज्ञातवासांत राहिला, व त्याबद्दल रोमच्या धर्मगुरूंनींही त्याला टोमणे मारले होते.

वादळ ओसरूं लागतांच पतित मंडळी परत दाराशीं आली. तुरुंगांत हाल सोसलेल्या वीरांकडून शिफारसपत्रें आणून तीं तत्काळ प्रवेश मागूं लागली. उलट, रोममध्यें नोव्हेशियन नांवाच्या विद्वान धर्मगुरूचें म्हणणें असें कीं, ज्यानें देवाचा द्रोह केला त्याला क्षमा देवच करील, तो अधिकार धर्मसंस्थेचा नव्हे. हें मत केवळ कठोर म्हणून सोडून देतां येत नाहीं. ज्यांचे आप्त तुरुंगांत मेले, त्यांनीं दाखला विकत घेणाऱ्याच्या शेजारीं बसून प्रभुभोजन कसें घ्यावें? क्षमा स्वस्त झाली, तर निष्ठेला मोल काय उरलें?

२५१ मध्यें कार्थेज येथें भरलेल्या परिषदेनें मधला मार्ग काढला. दाखला विकत घेणाऱ्यांची प्रकरणें एकेक करून तपासावीं व त्यांना परत घ्यावें. प्रत्यक्ष बलि देणाऱ्यांनीं दीर्घ प्रायश्चित्त करावें, आणि मरणसमयीं तरी त्यांना क्षमा मिळावी. पुढें नव्या छळाचीं चिन्हें दिसूं लागलीं, तेव्हां प्रायश्चित्त करीत राहिलेल्या सर्वांनाच आंत घेण्यांत आलें. लढाईच्या तोंडावर सैनिकाला निःशस्त्र ठेवणें योग्य नव्हे, हा त्यामागील विचार होता. नोव्हेशियनचे अनुयायी फुटून निघाले व त्यांचा पंथ पुढें कित्येक शतकें टिकला.

सिप्रियनची स्वतःची कसोटी व्हॅलेरियन बादशहाच्या कारकीर्दींत लागली. ह्या वेळीं तो मागें हटला नाहीं. १४ सप्टेंबर २५८ रोजीं कार्थेजच्या सुभेदारानें त्याला शिरच्छेदाची शिक्षा फर्मावली, तेव्हां त्यानें देवाचे आभार मानले. वधस्थानीं त्यानें आपला अंगरखा उतरविला आणि मारेकऱ्याला पंचवीस सोन्याच्या मोहरा द्याव्या, असें आपल्या माणसांना सांगितलें. मग त्यानें स्वतःच्या हातांनीं आपले डोळे बांधून घेतले.